बारा कोळंब्या

पहाटे पावणेपाच, दिवा जेट्टी.
पोशा टॉर्च तोंडात धरून कोळंब्या मोजतो,
दहा, अकरा, मग टॉर्च काढून म्हणतो,
"आन ही बारावी, लंगरी. हिचं पैशं नको."
एकशे दहा रुपये.
रंगाच्या रिकाम्या बादलीत खाडीचं पाणी,
सेलवर चालणारा इवलासा पंप,
बुडबुडे.

सहाला पाणी उभं राहील.
सव्वासातला रबाळ्याच्या गेटवर अंगठा.
मधला वेळ माझा.

एकटा आलो म्हणजे भांडून आलो असं नाही.
घरी ओव्हरटाइम सांगितलाय.
कुंदानं डब्यात दोन भाकऱ्या जास्त घातल्या
आणि वर मिठाची पुडी.
ओव्हरटाइमला मीठ कोण देतं?

बामाआत्या सांगायची,
मेलेलं काय, शिंगाळा खातो, चिंबोरी खाते, कावळाही खातो.
जिताड्याला जितंच लागतं.
गळ घालायचा डोक्यावरच्या काट्यामागे,
कवचातून, अलगद.
आत काळा ठिपका दिसतो, त्याला धक्का नको.
ठिपका फुटला की कोळंबी पांढरी पडते
आणि मग तू नुसता दोरी भिजवत बसशील.

काचेसारख्या अंगातून ठिपका दिसतो.
टॉर्च विझवली
तरी दिसत राहतो.

पहिली चिंबोरीनं नेली.
दुसरी कशी सुटली कळलं नाही,
गळ वर आला तो धुतल्यासारखा.
लंगडी तिसरीच गेली, काही न घडता.
चार शिंगाळ्यांनी खाल्ल्या,
आणि त्यांचे काटे सोडवताना मी आईबहीण काढली
रिकाम्या खाडीसमोर.

ऐरोलीच्या पुलावरचे दिवे
पाण्यात शेवयांसारखे लोंबतात.
वारा फिरला की कारखान्यांकडून वास येतो,
गोडसर, फार पिकलेल्या केळ्याचा.
आठ तासांनी हाच वास माझ्या शर्टाला असेल.

आठवी टाकली खांबाच्या सावलीत.

मासा लागण्याआधी कोळंबी घाबरते.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
तंगूस बोटावर धरलेला असतो,
आणि वीस हात लांब, काळोखात,
काहीतरी तिच्याकडे वळतं.
बोटाला तिची तडफड कळते,
तिळाएवढी, भराभरा.
मग एकदम काहीच नाही.
मग

अख्खी खाडी ओढते.

अंगठ्यावरून तंगूस जळत गेला.
ती उसळली, पुलाच्या पिवळ्या उजेडात,
हातभर रुंद, डोळ्यात निखारा.
ती म्हणतोय, कारण जिताडा नर म्हणून वाढतो
आणि मोठेपणी मादी होतो.
एवढा मोठा म्हणजे बाईच.
तिनं हवेत डोकं झटकलं, कल्ले वाजले
चादर झटकावी तसे,
आणि दोरी सैल.

गुंडाळत आणली. गळ होता.
गळावर कोळंबी होती.
कोळंबी जिवंत होती.

एक मिशी गेलेली, पाठीवर खरवड,
आत ठिपका जागच्या जागी.
ती माझ्या तळहातावर पाय हलवत होती
आणि मी, आठ वर्षं गळ टाकणारा माणूस,
तिला पुन्हा टाकू शकलो नाही.
दया नव्हे ती.
त्या तोंडात जाऊन आलेल्या कुणाला
दहा रुपयांची कसं म्हणायचं?

सहा. पाणी उभं राहिलं.
उरलेल्या चार पोशाला परत दिल्या.
"गावला का रं?" त्यानं विचारलं.
"लागला होता."
"लागला आन गावला यात पावशेर मीठाचा फरक," तो हसला.

पाचवी पायरीशी सोडली.
कालवं चिकटलेल्या दगडांच्या फटीत
ती मागे मागे गेली,
कोळंब्या जातात तशी,
तोंड माझ्याकडे ठेवून.

सव्वासात. रबाळे.
मशीन अंगठा घेत नाही.
पुसला, पुन्हा ठेवला.
रेषांवर आडवी एक नवी रेष,
तंगुसानं कोरलेली.
मागे रांग वाढतेय.
मशीन म्हणतंय, पुन्हा प्रयत्न करा.